ठोक्याची काठी

रीटोख, १० जून १९९८

ती. हर्मिना वन्सं यांस अलेटाचा नमस्कार.

तुमचं पार्सल मंगळवारी पोचलं. सुकी मासळी दोन पुड्या (एकीला ओलावा लागला होता, उन्हात पसरली), रॉयबोस चहा एक पुडा, काळी लोकर चार गुंड्या आणि चर्चचं कॅलेंडर. सोडवायला एक डॉलर ऐंशी सेंट पडले. त्याच दिवशी रेहोबोथहून बॅटरी आली, नवी, दोनशे चाळीस. आणि दोन टायर, जुनेच पण नक्षी शाबूत, मिळून तीनशे. नवऱ्याला जाऊन तीन महिने झाले नाहीत आणि ही बाई टायर काय घेते, असं तुमच्या मनात येईल. म्हणून लगेच लिहिते.

पिकअप विकायची आहे. शेत ऑगस्टअखेर मालकाला परत द्यायचं. गुरं गेली, कोंबड्या शेजारणीला दिल्या. गाडी तेवढी शेडमध्ये उभी आहे आणि तिच्याकडे पाठ करून मला सरपण काढावं लागतं. बंद पडलेल्या गाडीला कोणी भाव देत नाही, म्हणून हा खर्च.

सोसायटीच्या दुकानात चिठ्ठी लावली आहे. मजकूर असा: "शिकारीसाठी सजवलेली पिकअप, चौऱ्याऐंशी सालची, एका हातची. मागे लोखंडी सांगाडा, त्यावर दोघांना बसायला उंच बाक. बंदूक टेकवायला आडवी नळी, मेंढीचं कातडं शिवलेली. जनावर वर ओढायला कप्पी. पाण्याची टाकी. ठोक्याची काठी एक, बाभळीची." काठी हे लिहायला नको होतं बहुतेक. पण ती मधोमध दोरीनं बांधलेली आहे, दिसणारच. टपाला हातानं पोचे पडतात, काठीनं हलकं ठोकता येतं, असं हे म्हणायचे. काठीला किंमत लावलेली नाही.

तुम्हांला लिहायचं कारण, गाडीच्या कागदावर अर्धं नाव तुमचं आहे. तुमची सही लागेल. कागद सोबत आहे. अर्धे पैसे तुमचे, ते मी पै न पै पाठवीन.

तुम्ही मातीला आला नाहीत, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. शेवटचं तेवढं सांगते, कारण तुम्ही पाठच्या भावाला वाढवलं आहे. इस्पितळात मी उशाशी बसून गोळ्या मोजत होते. सकाळच्या चार, दुपारच्या दोन. ह्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "तेव्हाही तू बरोबरच मोजलं होतंस, लेटा." ताप चढलेला होता. कधीची गोष्ट, विचारलं तर डोळे मिटून घेतले. गुरांच्या बाजाराची असेल. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले.

प्रभू तुम्हांला सुखी ठेवो.

तुमची,
अलेटा

*

ल्यूडरिट्स, २२ जून १९९८

लेटा हीस आशीर्वाद.

मासळीला ओलावा लागला तो इथल्या धुक्याचा, माझ्या बांधण्याचा नव्हे.

सही करीन. पैसे नकोत. त्या गाडीत मी सहा हजार रँड घातले होते ते माझ्या भावासाठी, बारेंटसाठी नव्हे, तुमच्या लौरेन्ससाठी. चार वर्षं तो माझ्याकडे राहून शाळा शिकला. माझ्या हातचं खाऊन उंच झाला. सुट्टीला निघताना म्हणायचा, "आत्या, तुझ्या अर्ध्या गाडीवर मी बसतो, बाबांच्या अर्ध्यावर बाबा." हे तुला ठाऊक नसेल.

तू मातीबद्दल लिहीत नाहीस, मी लिहिते. आले नाही आणि पस्तावले नाही. वरून टपावर एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे चल. उभी असेल तर नीघ, चालती असेल तर वेग धर. आमच्याकडे पोरांना चालता येण्याआधी हे येतं. माझ्या लौरेन्सनं एक ठोकला आणि उठून उभा राहिला. आणि खाली ज्याच्या हातात स्टिअरिंग होतं त्यानं गाडी पळवली. स्वतःच्या तोंडानं कबूल केलं ना पोलीस शिपायापुढे? "त्यानं थांब म्हटलं, मी थांबलो नाही." बारेंटला जन्मापासून घाई. पोर एकोणीस वर्षांचं होतं, लेटा. तू बिचारी घरात मांसाला मीठ चोळत बसलेली.

तुला वाटतं मला काही कळत नाही. नऊ वर्षं तू चर्चमध्ये प्रभुभोजनाला जागची उठत नाहीस, हे तिथल्या बायांनी मला केव्हाच कळवलं. त्या म्हणतात, दुःखानं. मी ओळखून आहे. ज्या माणसानं पोर घालवलं त्याच्या शेजारी गुडघे टेकून तुला भाकर घ्यायची नव्हती. मीही तेच केलं असतं. तू बोलली नाहीस, पण तू आणि मी एका बाजूला आहोत हे मला त्यातूनच समजलं.

म्हणून सांगते, वृद्धाश्रम वगैरे डोक्यात आणू नकोस. माझी मागची खोली तुझी. खिडकीतून खाडी दिसते. वारा फार आहे, पण दाराला नवी कडी लावून घेतली. लौरेन्सची खाट तिथेच आहे. तुझी शिवणाची मशीन आण. वह्याही आण, माझं वाण्याचं बिल कोणीतरी तपासायला हवंच आहे, तो मला आंधळी समजतो.

अट एकच. ह्या घरात बारेंटचं नाव निघणार नाही आणि त्याचा फोटो भिंतीवर लागणार नाही. पेटीत घालूनसुद्धा आणायचा नाही.

कागदावर सही नंतर करून पाठवते, आज बोटं सुजली आहेत.

हर्मिना

*

रीटोख, ९ जुलै १९९८

ती. हर्मिना वन्सं यांस नमस्कार.

पत्र पोचलं. खोलीबद्दल काय लिहू. मी ती ओळ तीनदा वाचली आणि पत्र बायबलात ठेवून दिलं. वाण्याचं बिल मी तपासून देईन.

गिऱ्हाईक आलं होतं. मारिएन्तालकडचे आंद्रिस क्लूटे म्हणून आहेत, मेंढपाळीही आहे आणि हिवाळ्यात पाहुण्यांना शिकारीला नेतात. सोबत त्यांची बायको माग्रीटा आणि थोरला भाऊ. माणसं बरी. टायर पाहून क्लूटे म्हणाले, "बाई, टायर नवरीला लिपस्टिक लावावी तसे लावलेत, आत काय आहे ते दाखवा." मी बॅटरीचं बिल दाखवलं.

चालवून बघायची होती. मी चालवत नाही म्हटल्यावर माग्रीटा स्टिअरिंगवर बसली, तिच्याशेजारी मी. दोघे भाऊ वर बाकावर. चढताना क्लूटेंनी काठी पाहिली, ही कशाला म्हणून विचारलं. टपाला पोचे पडतात, म्हटलं. ते हसले, "शिकारीची गाडी आहे की चहाचा सेट?" आणि काठी दोरीसकट काढून माझ्या मांडीवर टाकली.

नदीच्या कोरड्या पात्रापर्यंत सगळं ठीक होतं. तिथे झाडीतून पिळदार शिंगांचा एक कुडू उठला. टपावर ठक-ठक वाजलं. माग्रीटानं वेग धरला. वर एकदम आरडाओरडा, भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज, आणि क्लूटे ओरडताहेत, "अगं थांब म्हटलं, थांब!" तिनं करकचून थांबवली. दोघे भाऊ बाकाच्या मागे एकमेकांच्या अंगावर पडलेले, थोरल्याची टोपी पाण्याच्या टाकीवर. कोणाला लागलं नाही. ती खाली उतरून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दोन वाजवलेत, दोन ऐकले." क्लूटे म्हणाले, मी एकच वाजवला. थोरला म्हणाला, मीपण एकच. मग तिघंही हसत सुटले. माग्रीटा मला म्हणाली, "दोघं वर असले की हेच होतं हो. जनावर दोघांना एकदम दिसतं आणि दोघंही ठोकतात. एकानंच ठोकायचं असतं." क्लूटेंनी मग माझ्या मांडीवरच्या काठीकडे पाहिलं. हसू थांबवून म्हणाले, "त्यासाठी आहे होय ही, बाई?"

मी म्हटलं, माझ्या डोळ्यात धूळ गेली.

सौदा ठरला नाही. त्यांना गाडी पसंत आहे, मीच थोडा वेळ मागून घेतला.

वन्सं, एक विचारते, रागावू नका. तुमच्या लहानपणी मामंजींच्या लॉरीवर शिकारीला जात होता ना, तेव्हा टपावर ठोकायचं कोण? आणि हे तेव्हा कसे वागायचे? नाव काढू नको म्हणालात, पण ही खोलीतली गोष्ट नाही, तुमच्या बाबांच्या लॉरीची आहे. आठवेल तेवढं लिहा.

अलेटा

*

ल्यूडरिट्स, २० जुलै १९९८

लेटा,

गिऱ्हाईक उभं असताना वेळ मागतेस, तुझं काय बिनसलंय? गाडी कोणत्याही भावाला विक आणि ये. सही केलेला कागद सोबत आहे.

विचारलंस म्हणून लिहिते. बाबांच्या लॉरीवर मी ठोकायची. मी थोरली, मला लांबचं दिसायचं. बारेंट सात वर्षांचा होता तेव्हापासून त्याला वर बसायचा हट्ट. आणि वर बसला की हात शिवशिवत. मी ठोकला रे ठोकला की हाही ठोकणार. त्याला वाटे, आपण मदत करतोय. किती वेळा कान धरला. एकदा मी थांब म्हणून ठोकला, ह्यानं माझ्यामागोमाग लगेच ठोकला, आणि बाबांनी लॉरी पुढे काढली. मी नळीवर तोंडानं आपटले. माझा पुढचा दात अर्धा आहे तो त्याच्यामुळे. तुला सांगितलं होतं की दगडावर पडले, कारण बाबांनी त्या दिवशी त्याला पट्ट्यानं इतकं मारलं की ती गोष्ट घरात कोणी काढायची नाही असं ठरलं. मारून झाल्यावर बाबा म्हणाले, "एका गाडीत एकच हात." मग कितीतरी वर्षं बारेंट निजायच्या आधी येऊन माझं तोंड उघडायला लावायचा आणि दात बघायचा, वाढला का म्हणून. म्हणायचा, "अक्का, मी पाडला." मी म्हणायची, जा झोप.

हे बघ, तू मला काय काय लिहायला लावतेस. बोटं दुखतात.

लवकर ये. तुझी मशीन ठेवायला मी कोपरा रिकामा केलाय.

हर्मिना

*

रीटोख, १ ऑगस्ट १९९८

ती. हर्मिना वन्सं यांस अलेटाचा साष्टांग नमस्कार.

पत्र आणि कागद पोचले. हे उत्तर मी आधी वहीत कच्चं लिहिलं, चार वेळा खोडलं. आता न खोडता लिहिते.

वन्सं, त्या दिवशी गाडी मी चालवत होते.

मी घरी मांसाला मीठ चोळत होते हे खोटं. घरची शिकार असली की नेहमी स्टिअरिंगवर मीच असायची, कारण बाप-लेक दोघांनाही वर बसायचं असे. लौरेन्स डाव्या अंगाला, हे उजव्या. माझ्याजवळ परवाना नव्हता. चाचणीची फी पंचेचाळीस रँड होती, आणि शेतातल्या शेतात चालवायला परवाना कशाला, म्हणून दोन वर्षं मी ती वाचवली. वहीत तसं लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात.

नदीचंच पात्र. कुडू उठला तो मलाही दिसला. टपावर ठक-ठक झालं. मी दोन मोजले आणि वेग धरला. मला पडल्याचा आवाज आला नाही. ह्यांची हाक आली. मागे वळून पाहिलं तर बाकावर हे एकटे. लौरेन्स दगडांवर होता. एवढं सांगायलाच मला नऊ वर्षं लागली, त्याचं डोकं कसं होतं ते मी लिहीत नाही. तो बोलला नाही. त्याला त्रास झाला नाही, एवढं मी शपथेवर सांगते.

शिपाई आला तेव्हा मी तोंड उघडायच्या आधी हे बोलले. "गाडी मी चालवली. त्यानं थांब म्हटलं, मी थांबलो नाही." मला वाटलं, परवान्यामुळे मला वाचवताहेत. मी गप्प राहिले. खोटी साक्ष ऐकून गप्प बसणं हीही खोटी साक्षच, म्हणून मी प्रभुभोजनाला उठत नव्हते. ह्यांच्या रागानं नाही, वन्सं. तुम्ही मला तुमच्या बाजूची समजलात, ती जागा माझी नव्हती. हे माझ्या शेजारून उठून एकटे पुढे जात आणि परत येऊन बसत, तेव्हा मी त्यांच्या बुटांकडे बघत असे.

नऊ वर्षं माझी खात्री होती की लौरेन्सनं एकच ठोकला आणि मी दोन ऐकले. घरात एका सेंटचा फरक पडला तर मी दिवसभर शोधते. आणि तिथे मला एक आणि दोन मोजता आले नाहीत. रोज प्रार्थनेनंतर मी कान धरून बसत असे, जसा काही दोष कानाचाच.

माग्रीटाच्या शेजारी बसून ते ठक-ठक मी पुन्हा ऐकलं. अगदी तसंच होतं. दोन होते. त्या दिवशीही दोनच होते. एक लौरेन्सचा, एक ह्यांचा. दोघांनाही कुडू एकदम दिसला, दोघांनीही थांब म्हटलं, आणि मला ऐकू आलं, चल. लौरेन्स उठला तो गाडी आता थांबणारच ह्या भरवशावर. भरवसा चुकीचा नव्हता. माझं मोजणं चुकीचं नव्हतं. तुम्हांला मी दाताबद्दल विचारलं नव्हतं, पण तुम्ही तो लिहिलात, आणि मग माझ्या मनात काही शिल्लक राहिलं नाही.

हे खोटं बोलत नव्हते, वन्सं. त्यांच्या हिशेबी ते खरंच सांगत होते, गाडी त्यांच्या ठोक्यानंच पळाली होती. तुमच्या बाबांचा पट्टा खाल्लेलं पोर पन्नाशीत पुन्हा तेच करून बसलं होतं. लौरेन्सच्या मातीनंतर आठ दिवसांनी ते शेडमध्ये बसून काठी तासत होते. मी विचारलं तर म्हणाले, टपाला पोचे पडतात. त्यानंतर त्यांनी कोणाला हातानं ठोकू दिलं नाही. पाहुणे असले तरी काठी एकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, हीच ठोकणार, बाकीच्यांनी हात मांडीवर. स्वतः पुन्हा कधी वर बसले नाहीत. मला वाटे, लेकाची जागा बघवत नाही. चर्चच्या मंडळीचं वडीलपण सोडलं, तेव्हाही मला वाटलं, माझ्यासाठी खोटं बोलले त्याची लाज.

नऊ वर्षं आम्ही एका टेबलाला जेवलो. त्यांना वाटे, मला सगळं कळलंय आणि मी दयेनं बोलत नाही. मला वाटे, त्यांना सगळं माहीत आहे आणि ते दयेनं बोलत नाहीत. मी एकदा, फक्त एकदा विचारलं असतं की वर कोणी ठोकलं, तर त्यांनी सांगितलं असतं. विचारलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. इस्पितळात म्हणाले ते गुरांच्या बाजाराचं नव्हतं. "तेव्हाही तू बरोबरच मोजलं होतंस." मी त्यांच्या उशाशी होते, त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि मी ताप बघायला कपाळ चाचपलं.

चूक कोणाची, हे मला लिहिता येत नाही. तुम्हांला लिहिता आलं तर मला सांगा, मी मानीन.

गाडी गेली. क्लूटेंनी चोवीस हजार पाचशे दिले. तुमचा अर्धा वेगळा काढून ठेवला आहे, नको म्हणालात तरी तो तुमचाच, लौरेन्सच्या नावे काय करायचं ते तुम्ही ठरवा. काठी मी माग्रीटाच्या हातात दिली. तिला सगळं सांगितलं, तुमच्या आधी तिला, ह्याची मला लाज वाटते. पण तिच्याकडे दोन मुलगे आहेत. तिनं काठी दोन्ही हातांनी घेतली आणि क्लूटेंना म्हणाली, "ही आहे तिथेच बांधा." गाडी फाटकातून बाहेर पडताना काही कारण नसताना टपावर एक ठोका वाजला. गाडी थांबली. क्लूटे वरून उतरले, टोपी काढली, आणि फाटक स्वतः लावून गेले.

उद्याच्या रविवारी चर्चच्या पाळकांना भेटून सगळं सांगणार आहे. शिपायांनाही सांगावं लागलं तर सांगेन.

खोली तुम्ही लौरेन्सच्या बिचाऱ्या आईला देऊ केली होती. गाडी चालवणारीला नव्हे. नको म्हणालात तर मी एक शब्द बोलणार नाही. शेत एकतीसला सोडायचं आहे, त्याआधी काहीतरी बघेन.

आणि तुमची अट. माझ्याकडे फोटो एकच आहे. सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यातला, मीच काढलेला, थोडा वाकडा. दोघंही पिकअपच्या बाकावर, लौरेन्स डावीकडे, हे उजवीकडे, दोघांचेही हात टपावर टेकलेले. कापून तुमच्यापुरता लौरेन्स पाठवावा म्हणून कात्री घेऊन बसले होते. पण ह्यांचा हात त्याच्या मनगटावर आला आहे. एकाला सोडवायचं तर दुसऱ्याची बोटं कापावी लागतात.

ट्रंक उघडीच ठेवली आहे. त्या फोटोचं काय करू, तेवढं उलट टपाली कळवावं.

तुमची,
अलेटा